उणे अकराव्या पायरीचं पाणी

"ओढ! अजून ओढ! दीदी, तू सकाळी जेवलीस की नाही?"

कडुनिंबाच्या आडव्या फांदीवर पोट टेकून रोनक वरून हुकूम सोडत होता आणि खाली विधी दोरखंडाला लोंबकळत होती. आखाजी तीन दिवसांवर आली होती. बोरमळीत आखाजी म्हणजे दिवाळीहून मोठा सण! सासरी गेलेल्या झाडून साऱ्या लेकी अक्षय्य तृतीयेला माहेरी येतात, घरोघरी गौराई बसते, आमरसाच्या वाट्यांवर वाट्या रिचवल्या जातात आणि गावातला एकही कडुनिंब झोक्यावाचून राहत नाही. विधी जळगावची, नुकतीच आठवीची परीक्षा दिलेली. रोनक तिचा मामेभाऊ, धुळ्याचा, सहावीतला. दोघांची उन्हाळ्याची सुट्टी ठरलेली: शिरपूरपासून तासाभरावर, बोरमळीला, नानाजींकडे.

"दिपे, तू काय बघत बसलीस? हात लाव की!" विधी ओरडली.

दिपमाला पारावर गुडघ्यांत हनुवटी घालून बसली होती. ही शेजारच्या आळीतली, विधीच्याच वयाची, सुट्टीतली सख्खी मैत्रीण. दरवर्षी दोर बांधायला सगळ्यांत पुढे. आज मात्र ती जागची हलली नाही.

"बांधा तुम्ही. माझी ताई येणार नाही यंदा."

विधीच्या हातून दोर सुटला. वर रोनक फांदीसकट हलला आणि "अरे, अरे!" करत खोडाला घट्ट चिकटला.

"येणार नाही? अगं, लग्नानंतरची पहिली आखाजी तिची!"

"मायनेच काल फोन करून सांगितलं, येऊ नको म्हणून. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, तेही दोन हंडे. माय म्हणाली, लेकीला कोरड्या घरात बोलवून काय डोळ्यांतलं पाणी प्यायला देऊ?" दिपमालाने नाक ओढलं. "टँकर मागितला होता गावाने. तोही नाही म्हणाले. म्हणे, तुमच्या विहिरीचं पाणी वाढतंय!"

"वाढतंय? मे महिना तोंडावर आलाय! कोण म्हणतं असं?"

"चला, दाखवते."

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तालुक्याच्या कचेरीचं पत्र डकवलेलं होतं. विधीने ते मोठ्याने वाचलं. विहिरीची पाणीपातळी सातत्याने वाढत असल्याचे नोंदवहीवरून आढळून आले आहे, सबब टँकरची मागणी अमान्य. एवढ्यावर भागलं नव्हतं! पाणी मुबलक असल्याने रस्त्याच्या कामासाठी या विहिरीतून रोज चार टँकर उचलायला परवानगी दिली होती आणि उद्या सकाळी दहा वाजता साहेब स्वतः येऊन मोटार बसवून देणार होते. खाली एक आलेखही काढलेला. फेब्रुवारीत दोन, मार्चमध्ये पाच, एप्रिलमध्ये अकरा. रेघ चढत चढत कागदाच्या वरच्या कोपऱ्यात पोचलेली!

"वा! आपण टँकर मागितला, तर हे आपल्याच विहिरीतून टँकर भरून नेणार!" रोनक म्हणाला.

"चला विहिरीवर," विधी म्हणाली.

बोरमळीची विहीर म्हणजे जुनी पायविहीर. गोल, रुंद, आणि एका अंगाने थेट तळापर्यंत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. विधीच्या मम्मीचं अख्खं लहानपण या पायऱ्यांवर गेलेलं. जळगावच्या फ्लॅटमध्ये कणीक मळतानासुद्धा ती या विहिरीच्या गोष्टी सांगायची. शाळेचे चुडामण गुरुजी पोरांना गणिताच्या तासाला इथे आणायचे म्हणे! फळा नाही, खडू नाही, नुसत्या पायऱ्या.

"ही बघ पांढरी पायरी," विधी म्हणाली. मधल्या एका पायरीला चुना फासलेला होता आणि बाजूच्या भिंतीवर मोठं शून्य काढलं होतं. "मम्मी सांगते, गुरुजींनी इथे एकेकाला उभं करून संख्या शिकवल्या. रोनक, वर चढ बघू, मोजत."

रोनक टणाटण उड्या मारत चढला. "एक, दोन, तीन, चार..."

"या नैसर्गिक संख्या. मोजायला लागलं की आपसूक तोंडात येतात त्या. आता परत शून्यावर ये. शून्य धरून ज्या होतात, त्या पूर्ण संख्या. आणि आता खाली उतर."

"खाली काय मोजू?"

"खाली उणे एक, उणे दोन! वरच्या, खालच्या आणि हे शून्य, सगळ्या मिळून पूर्णांक संख्या."

"आणि पाणी दोन पायऱ्यांच्या मधोमध आलं तर?"

"तर साडेतीन, नाहीतर पावणेचार! दोन पूर्णांकांचा भागाकार करून जी लिहिता येते ती परिमेय संख्या. भागायचं शून्याने नाही, एवढं पथ्य."

"दीदी, सुट्टी आहे!" रोनक कळवळून म्हणाला. पण तो उतरत गेला. भिंतीवर शून्याच्या वर काळे आकडे होते आणि शून्याच्या खाली गेरूचे, विटकरी लाल. सगळ्यांत खाली, जिथे हिरवट पाणी दगडाला टेकलं होतं, तिथे गेरूने लिहिलं होतं: ११. त्याच्याखाली पाण्यातून पुसटसा १२ दिसत होता.

"किती पायऱ्या पाणी उरलंय?" विधीने वरून विचारलं.

"फक्त तीन," उत्तर दिपमालाने दिलं. "चौदावीखाली तळच आहे. फेब्रुवारीत इथे दोनवर पाणी होतं. बठ्ठं, सगळंच पानी खाले गयं!"

विधी भिंतीकडे बघत राहिली. "दिपे, पण इथे अकराच्या मागे उणेचं चिन्ह कुठंय?"

"छे छे! पाण्याला उणं म्हणायचं नसतं!" दिपमाला दचकून म्हणाली, जणू विधीने देवळात चप्पल घातली होती. "मग ते रुसतं. गावात सगळ्यांना ठाऊक आहे की पांढरीच्या खाली म्हणजे खाली."

"गावाला ठाऊक आहे. पण साहेब कुठे गावचे आहेत?" विधी पुटपुटली. तिच्या डोक्यात काहीतरी वळवळायला लागलं होतं, पण नीट हाती लागेना.

दुपारी ती नानाजींच्या दुकानात शिरली. नानाजी म्हणजे अभयकुमारशेठ, गावातले धान्याचे जुने दुकानदार. इलेक्ट्रॉनिक काटा समोर होता, तरी सणाचे गहू ते अजून मापानेच घालत. "लाभ," म्हणत त्यांनी पहिलं माप पिशवीत ओतलं. मग "दोन, तीन, चार..."

विधीने हे हजारदा ऐकलं होतं. आज मात्र ती थबकली.

"नानाजी, 'एक' का नाही म्हणत तुम्ही?"

"पहिल्या मापाला एक म्हणू नये, बेटा. लाभ म्हणायचं. माझे वडील म्हणायचे, त्यांचे वडील म्हणायचे. म्हणजे धान्यात बरकत राहते."

"पण समजा परक्या माणसाने ऐकलं आणि त्याला वाटलं, तुम्ही दोनपासूनच मोजताय?"

नानाजी खळखळून हसले. "तुझ्यासारखंच चुडामण गुरुजींनी मला विचारलं होतं! मी असेन सहावीत. आम्हा दुकानदारांची पोरं शाळेतसुद्धा लाभ, दोन, तीन म्हणायची. गुरुजी कधी रागावले नाहीत. म्हणाले, म्हण तू लाभ, पण मनात एक धर. तसंच ते पाण्याचं! छगनबाबा विहिरीची वही ठेवायचे. ते अडून बसले, विहीर देवीची, तिच्या पाण्यापुढे उण्याची रेघ मारणार नाही म्हणून. गुरुजींनी त्यांचाही मान राखला. शाईची काहीतरी युक्ती काढून दिली होती... आता आठवत नाही नीट. पंचावन्न वर्षं झाली गं!"

त्यांनी माप बाजूला ठेवलं. गिऱ्हाईक ताटकळलं होतं, पण नानाजी विहिरीवर पोचले होते.

"एकदा त्यांनी आम्हाला विहिरीचा घेर मोजायला लावला. सुतळी घेऊन आधी रुंदी मोजली, वीस हात. मग घेर. वीस हातांची सुतळी तीनदा पुरली आणि वर तीन हातांना थोडं कमी उरलं. गुरुजी म्हणाले, त्या थोड्याचा हिशेब लावा. आम्ही वीत लावली, मग बोट, मग गव्हाचा दाणा! दरवेळी थोडं उरायचंच. संध्याकाळी गुरुजी हसून म्हणाले, पोरांनो, घरी जा, घेराला रुंदीने भागून येणारी ही संख्या कुणालाच संपली नाही. अपरिमेय आहे ती. कुठल्याच अपूर्णांकात बसत नाही. काय दिवस होते ते! तेव्हा आखाजीला पाणी पांढऱ्या पायरीवर असायचं. आम्ही शून्यावर पाय सोडून बसायचो आणि मासे येऊन बोटांना टोचायचे."

नानाजींचा आवाज जरासा ओला झाला. विधीलाही न पाहिलेल्या त्या पाण्याची आठवण आल्यासारखं वाटलं. मग ती एकदम ताडकन उठली.

"शाईची युक्ती! रोनक, दिपे, पळा!"

छगनबाबा आता नव्हते. वही त्यांच्या मुलाकडे, पंचायतीच्या अमृतभाऊंकडे होती. अमृतभाऊ ओट्यावर खाटेवर आडवे झाले होते. नोंदीत काही गडबड आहे का, असं रोनकने विचारायचा अवकाश, ते उठूनच बसले.

"गडबड? एक दिवसाचा खाडा नाही माझ्या वहीत! रोज सकाळी पार पाण्यापर्यंत उतरतो मी. बघा, खुशाल बघा!"

त्यांनी कापडात बांधलेली वही सोडली. पहिल्या पानावर वर 'श्री' आणि त्याखाली आकडेच आकडे. पावसाळ्यानंतरचे निळे. जानेवारीत एका ओळीत शून्य. आणि त्यानंतरचे सगळे, अगदी आज सकाळच्या अकरापर्यंत, लालभडक!

"भाऊ, हे लाल का?"

"बाबांची रीत. पांढरीच्या वर निळी शाई, खाली लाल. उणं लिहायचं नाही, लाल लिहायचं. समजणाऱ्याला समजतं."

"आणि तालुक्याला तुम्ही ही वही नेली होती?"

"बाबा दरवर्षी वहीच न्यायचे. यंदा कचेरीने सांगितलं, वही नको, झेरॉक्स जोडा. मग शिरपूरला जाऊन झेरॉक्स काढली. ही दुसरी प्रत माझ्याकडे आहे."

विधीने ती प्रत वहीशेजारी ठेवली. रोनकने कपाळाला हात लावला.

"आयला! सगळं काळं!"

"लालचं काळं झालं, म्हणजे उण्याचं अधिक झालं!" विधी जवळजवळ किंचाळली. "उणे दोन, उणे पाच, उणे अकरा! पाणी खाली खाली चाललंय आणि साहेबांना दिसतंय दोन, पाच, अकरा! म्हणून ती रेघ वर चढली!"

"पण अकरा मोठाच की पाचाहून," रोनक गोंधळला.

"शून्याच्या वर मोठा. शून्याच्या खाली जितका आकडा मोठा दिसेल, तितकी संख्या लहान! उणे अकरा ही उणे पाचपेक्षा सहा पायऱ्या खाली आहे. तू सकाळी उतरलास ना?"

"उतरलो. पाय दुखले म्हणून चांगलंच लक्षात आहे."

अमृतभाऊंचा चेहरा गोरामोरा झाला. "म्हणजे माझ्यामुळे गावाचा टँकर गेला? बापरे! मी शाई बघायचीच विसरलो. आता साहेबांना कसं पटवायचं? ते म्हणतील, आज लाल शाईने नवीन वही लिहून आणली."

हा मुद्दा मात्र खरा होता. दिपमालाने हिरमुसून विधीकडे पाहिलं. विधीने ओठ चावला आणि ती पुन्हा विहिरीकडे चालू लागली. पांढऱ्या पायरीपासून वर काठापर्यंत तिने पायऱ्या मोजल्या. एकदा. मग खात्री करायला आणखी एकदा. तिसऱ्या वेळी मात्र ती काठावर बसून पोट धरून हसायलाच लागली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला जीप आली. मागोमाग ठेकेदाराची मोटार, पाइप आणि रिकामा टँकर. अर्धं गाव विहिरीवर जमलं होतं. सरपंच बेबाबाई हात जोडून सांगत होत्या, "साहेब, एकदा नीट बघा हो, पाणी नाही विहिरीत," आणि साहेब कागद फडकवत होते.

"बाई, तुमच्याच वहीत अकरा लिहिलंय! सही तुमचीच ना? पातळी अकरावर गेली आणि तुम्हाला टँकर हवा? चला, मोटार उतरवा रे!"

"साहेब, एक विचारू?" विधी पुढे झाली. "ही वही या भिंतीवरच्या आकड्यांवरून लिहितात. शून्य कुठे आहे, वाचता का?"

"ते काय, पांढऱ्या पायरीवर. त्याचं काय?"

"तिथपासून वर काठापर्यंत किती पायऱ्या आहेत, मोजाल का?"

साहेबांनी कपाळाला आठी घातली. पण पोरगी अशी अदबीने बोलत होती, आणि अर्धं गाव बघत होतं. ते मोजू लागले. "एक, दोन... सात, आठ, नऊ. नऊ पायऱ्या. नववी म्हणजेच काठ."

"म्हणजे नऊवर पाणी आलं तर विहीर काठोकाठ भरेल. हो ना?"

"हो."

"आणि तुमच्या कागदावर पाणी अकरावर आहे."

साहेबांनी कागदाकडे पाहिलं. मग विहिरीकडे. मग, नकळत, स्वतःच्या बुटांकडे!

"म्हणजे आत्ता पाणी काठाच्या दोन पायऱ्या वर आहे!" रोनकला आता राहवेना. "साहेब, आपण सगळे गुडघाभर पाण्यात उभे आहोत! तुमची जीप भिजतेय!"

काय हसं पिकलं म्हणता! बायका पदरात तोंड लपवून हसल्या, ठेकेदाराचा मोटार उतरवणारा माणूससुद्धा हसला, आणि दिपमालाने तर फ्रॉक गुडघ्यावर धरून पाण्यातून चालल्यासारखी चार पावलं टाकली.

साहेब लाल झाले. पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी बूट काढले आणि ते पायऱ्या उतरू लागले. पांढरी पायरी ओलांडली, गेरूचे आकडे लागले. दोन, पाच, आठ. अकराशी पोचून त्यांनी हात पाण्यात घातला. वर आले तेव्हा धाप लागली होती. विधीने वही आणि झेरॉक्स शेजारी शेजारी धरली. त्यांनी एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं, आणि जानेवारीनंतरच्या त्या लाल आकड्यांवरून हळूच बोट फिरवलं.

"उणे अकरा," ते म्हणाले. "आणि मी खुर्चीत बसून आलेख काढला! एकदा येऊन बघायला काय झालं होतं मला?"

त्यांनी तिथूनच फोन लावला. ठेकेदाराची परवानगी रद्द झाली. तो जो रिकामा टँकर आला होता, तोच नदीवरच्या पाणीयोजनेतून भरून आणायला पाठवला गेला आणि उद्यापासून रोज दोन टँकर बोरमळीला यायचे ठरले.

"अमृतभाऊ," साहेब म्हणाले, "तुमची रीत मोडू नका. लालच लिहा. पण यापुढे वहीचा रंगीत फोटो पाठवायचा. आणि या पोरीला माझ्या कचेरीत घेऊन या कधीतरी. माझ्याही लोकांना उतरायला शिकवेल."

बेबाबाईंनी विधीच्या गालांवरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. "शहरातली पोर, पण गावाचं पाणी राखलंस गं माय!"

नानाजींनी धुळ्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. चुडामण गुरुजी आता शहाऐंशी वर्षांचे, मुलाकडे राहत होते. नानाजींनी सगळी हकीकत सांगितली.

"पायऱ्या अजून आहेत?" गुरुजींनी विचारलं.

"आहेत, गुरुजी! चौदाच्या चौदा खाली आणि नऊ वर!" रोनक ओरडला.

"मला वाटलं होतं, आता कोण उतरतंय तिथे." म्हातारा आवाज थरथरला. "अभय, तुझी नात हुशार आहे. तू तर तीनदा नापास झाला होतास."

"गुरुजी! सगळे ऐकताहेत!" नानाजी कासावीस झाले आणि विहिरीच्या काठावर पुन्हा हशा उसळला. पण हसता हसता पाच-सहा पिकली माणसं डोळे पुसत होती. त्यांनीही कधीतरी त्या पांढऱ्या पायरीवर पाय सोडले होते.

त्या गोंधळातून दिपमाला नाहीशी झाली होती. विधी तिला शोधत तिच्या घरी गेली. दारात माय उभी होती आणि दिपमाला तिच्या मोबाइलवर आनंदाने ओरडत होती.

"ताई, तू नीघ! आठे पानी येई ऱ्हायनं! टँकर येणार, रोज दोन! पहिली आखाजी शे तुनी!"

मायने तिच्या हातून फोन घेतला. परवा याच तोंडाने तिने लेकीला येऊ नको म्हटलं होतं. "बेटा, सकायनी पहिली गाडी धर," एवढंच कसंबसं म्हणाली.

पलीकडून काही उत्तर नाही. "ताई? ताई, ऐकतेस ना?" दिपमाला घाबरली. तिघींनी फोनला कान लावले. लांबून बांगड्यांची किणकिण आली, मग कपाटाचं दार धाडकन उघडल्याचा आवाज. फोन तसाच चालू टाकून ताई पिशवी भरायला पळाली होती.